यंत्राची पत्रिका

संस्कृताचीं चार अक्षरें शिकलेल्या सेवानिवृत्त मास्तराकडे लोक तीन कामांसाठीं येतात: मुंजीचा मुहूर्त विचारण्यास, बाळाचें नांव सुचवून घेण्यास आणि मुलामुलींच्या पत्रिका जुळवून घेण्यास. आम्ही जोशी नव्हे, हें कितीहि सांगितलें तरी कोणी मनावर घेत नाहीं. त्यामुळें अमरावतीच्या आमच्या ओसरीवर हा उद्योग गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. परंतु २०२५ च्या दिवाळींत अकोल्यास धाकट्या बंधूंच्या घरीं जी पत्रिका आमच्यापुढें आली, तिच्यांत गोत्र नव्हतें कीं नाडी नव्हती. वर होता एक प्रोसेसर, वधू होती एक मदरबोर्ड, आणि रॅम, ग्राफिक्स कार्ड, एस.एम.पी.एस. असा मोठा गोतावळा मांडवांत उभा होता. मुलांना खेळांसाठीं संगणक हवा होता, आणि तो तयार न घेतां सुटे भाग निवडून घरीं जोडावयाचा होता.

हा प्रसंग आज ना उद्यां आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं येणार. म्हणून या महिन्यांत त्या निवडीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तिच्यांत आमच्या हातून घडलेला एक अन्यायहि आहे. तो वगळून नुसती यंत्राची माहिती दिली असती तर पान अधिक शोभलें असतें. पण खरें राहिलें नसतें.

बंधूंच्या घरीं २०२३ सालीं पंधरा वर्षांखालच्या नातवासाठीं एका दुकानांतून संगणक जोडून आणला होता. डब्याला कांचेची बाजू, आंत लाल-निळे दिवे; पाहणाऱ्याचे डोळे दिपावे असा थाट. मुलगा त्यावर अभ्यास करी आणि खेळेहि. २०२५ च्या मे महिन्यांत, अकोल्याच्या त्या प्रसिद्ध उन्हांत, माडीवरच्या खोलींत खेळ चालू असतां ‘फट्’ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि यंत्र बंद पडलें. हमीची मुदत संपल्याचें सांगून दुकानदार मोकळा झाला.

एकत्र कुटुंबांत अशा वेळीं निवाडा वडील माणसाकडे येतो. बंधूंनीं फोन केला, “दादा, आतां तुम्हीच सांगा.” आम्हीं यंत्र पाहिलें नाहीं, मुलाला एक प्रश्न विचारला नाहीं, आणि शंभर किलोमीटरांवरून निवाडा दिला: रात्रंदिवस खेळून मुलानें यंत्र जाळलें, सबब दुसरें यंत्र त्याला मिळणार नाहीं. मुलगा इतकेंच म्हणाला होता कीं, डब्याला हात लागला म्हणजे मुंग्या येतात, आणि हें आपण पूर्वींच दोनदां सांगितलें होतें. ती सबब आहे असें सर्वांनीं ठरविलें. मुलानें वाद घातला नाहीं. पांच-साडेपांच महिने तो शाळेंत जात होता, घरीं येत होता, आणि घरांतील इतरांच्या संगणकाकडे वळूनहि पाहत नव्हता. हें त्याच्या आईनें आम्हांस मागाहून सांगितलें.

दिवाळीस आम्ही सर्व अकोल्यास जमलों. आमची नात अमरावतीस अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकते. फराळ झाल्यावर तिनें माळ्यावरचा तो मेलेला डबा खालीं काढला, ओसरीवर जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं आणि पेचकस घेऊन बसली. चुलतभावाला हांक मारून म्हणाली, “ये, तूं स्क्रू मोज.” आम्ही आरामखुर्चीवरून पाहत होतों.

तिला तीन गोष्टी सांपडल्या. पहिली ही कीं, पुढल्या जाळीच्या आंत कापसाचें तूस आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा जमला होता. अकोल्यासारख्या कापसाच्या पेठेंत वाऱ्याबरोबर तूस येणारच. पण त्या डब्याला जाळीमागें गाळणी नव्हती आणि दोन वर्षांत कोणी तो उघडलाहि नव्हता. गार हवा आंत येण्याची वाटच बंद झाली होती.

दुसरी गोष्ट एस.एम.पी.एस., म्हणजे भिंतीवरची वीज यंत्राच्या उपयोगाची करून देणारी पेटी, तिच्याविषयींची. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॅट’ असें छापलेलें होतें. नातीनें त्याखालचीं बारीक अक्षरें आम्हांस वाचावयास लावलीं. यंत्राचे मुख्य भाग ज्या १२ व्होल्टांच्या ओळीवर चालतात तेथें १८ अँपिअर असा आंकडा होता. “आबा, आतां गुणाकार तुम्ही करा,” ती म्हणाली. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर पुरा राबूं लागला म्हणजे ११७ वॅटांपर्यंत मागतो, जुनें ग्राफिक्स कार्ड ७५, आणि बोर्ड, पंखे, दिवे वगैरे मिळून चाळिसेक, बेरीज २३२. म्हणजे जोराचा खेळ सुरू झाला कीं पेटीवर तिच्या शक्तीपेक्षां अधिक ओझें पडत होतें, तेंहि मे महिन्यांत, हवा कोंडलेली असतांना.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र आमचा चेहरा उतरला. वायरमनास बोलावून माडीवरचें सॉकेट उघडविलें. तीन भोकांपैकीं वरच्या भोकास, म्हणजे अर्थिंगच्या भोकास, आंत तारच जोडलेली नव्हती. अशा सॉकेटावर लोखंडी डब्याच्या यंत्रास हात लावला कीं झिणझिण्या येतातच. आणि यंत्रांत कांहीं बिघाड झाला तर त्या झिणझिण्यांवर निभावत नाहीं, प्राणावर बेततें. मुलगा दोनदां तेंच सांगत होता. त्याची तक्रार खरी होती, आणि घरांतील सहा शहाण्या माणसांनीं, ज्यांत अग्रभागीं आम्ही होतों, ती सबब म्हणून टाकून दिली होती.

आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत बसून मुलांचीं भांडणें सोडविलीं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय छडी उचलूं नये, हें नव्या शिक्षकांना आम्हीच सांगत असूं. त्या रात्रीं पानें मांडलेलीं असतां सर्वांसमक्ष आम्हीं मुलास जवळ बोलावलें आणि म्हटलें, “आमचा निवाडा चुकला. दोष तुझा नव्हता.” वडील माणसानें लहानांपुढें असें बोलावें हें कोणाच्या कानांस संवयीचें नव्हतें; पंगत क्षणभर थबकली. मुलगा मान खालीं घालून उभा होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “मोठे आबा, म्हणजे आतां मीं यंत्राला हात लावला तर चालेल?” याहून अधिक कांहीं तो बोलला नाहीं, आणि याहून अधिक बोलला असता तर तें ऐकणें आम्हांस जड गेलें असतें.

बंधूंनीं साठ हजार रुपये मंजूर केले. अट एकच: दोन्ही मुलांनीं मिळून प्रत्येक भाग निवडावा आणि वहींत त्यापुढें ‘हाच कां’ याचें उत्तर लिहावें. ती वही तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांतील सार पुढें देतों.

प्रथम मृतांतून जिवंत कोण तें पाहिलें. पेटी आणि मदरबोर्ड दोन्ही गेलीं होतीं. प्रोसेसर, रॅमची १६ जी.बी.ची एक कांडी आणि एस.एस.डी. नातीच्या मैत्रिणीच्या यंत्रांत लावून पाहिल्यावर धड निघालीं. दुकानदार म्हणाला होता, सर्व फेकून नवें घ्या. सर्वनाशाचा प्रसंग आला तर निम्मा सोडून निम्में राखावें, असें शहाणपण आम्ही लहानपणीं पाठ केलें. तें येथें उपयोगी पडलें.

निवडीचा आरंभ कोठून करावा? मुलगा म्हणे, ग्राफिक्स कार्डापासून. नात म्हणाली, पडद्यापासून; आणि तिचें म्हणणें आम्हांस पटलें, कारण किती पानें वाढावयाचीं हें ठरल्यावांचून भाताचें आधण ठेवीत नाहींत. घरचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके. पुढच्या पायरीच्या, २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ते ३६,८६,४०० होतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. आणि ज्यास ४के म्हणतात त्यावर बरोबर चौपट. शिवाय घरचा पडदा सेकंदाला साठ चित्रें दाखवितो. प्रत्येक चित्र काढावयास यंत्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. पडदाच साठ दाखविणारा असेल तर सेकंदाला दोनशें चित्रें काढणारें कार्ड घेणें म्हणजे पळी एवढ्या भांड्यांत घागर ओतणें होय. मुलाला १६ जी.बी. स्मृतीचें महाग कार्ड हवें होतें. हा हिशेब त्यानें स्वतः मांडला, दोन दिवस विचार केला, आणि वहींत स्वतःच्या हातानें तें नांव खोडलें. त्याऐवजीं ‘जीफोर्स आरटीएक्स ५०६०’ हें ८ जी.बी.चें, २०२५ सालीं निघालेलें कार्ड लिहिलें. पुढें मोठा पडदा आला तर ही स्मृति अपुरी पडेल, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें समासांत नोंदविलें. तरीहि साठ हजारांपैकीं जवळजवळ निम्मे त्या एका कार्डास लागले. खेळांच्या यंत्रांत हें प्रमाण चुकीचें नव्हे.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांत भेद काय, हें आम्हांस नातीनें असें समजाविलें. घरचा प्रोसेसर, इंटेलचा ‘कोअर आय ५-१२४००एफ’, हा सहा शास्त्र्यांसारखा आहे: थोडे, पण कोणताहि कठीण प्रश्न सोडविणारे. ग्राफिक्स कार्डांत ३८४० लहान विद्यार्थी आहेत. त्यांना एकेक ठिपका रंगविण्याचें सोपें काम दिलें कीं सर्व एकदम करून टाकतात. खेळांत शत्रू कोठून येणार हें शास्त्री ठरवितात आणि तें दृश्य विद्यार्थी रंगवितात. शास्त्री मंद असले तर विद्यार्थी रिकामे बसतात. विद्यार्थी थोडे असले तर शास्त्री तिष्ठतात. वऱ्हाडांतला शेतकरी बैलजोडी घेतांना एक बैल दुसऱ्याहून फार चढ घेत नाहीं, कारण औत चालावयाचें तें संथ बैलाच्या चालीनें. येथेंहि तोच न्याय आहे.

पुष्कळ लहान कामकऱ्यांकडून मोठें काम करून घेण्याच्या या युक्तीचें नांव निघालें म्हणजे अकोला जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आठवते. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं याच जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांतला. १९८० च्या दशकांत भारतास हवा असलेला क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेनें नकार दिला. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत एखादा अचाट प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नांवाचे पुष्कळ लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून त्यांच्यांत काम वांटून दिलें होतें. भाग परक्यांचे असले तरी ते कसे जुळवावे ही विद्या आपली असूं शकते. ओसरीवर वर्तमानपत्रें पसरून बसलेल्या दोन मुलांना हें सांगतांना आमचा घसा दाटून आला, आणि तें लपविण्यासाठीं आम्हांला पाणी मागवावें लागलें.

आतां खरी पत्रिका, म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची. प्रोसेसर ज्या खोबणींत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि येथें एकहि गुण कमी चालत नाहीं. घरच्या प्रोसेसरास एल.जी.ए. १७०० हेंच सॉकेट हवें. ए.एम.डी. कंपनीचा नवा प्रोसेसर घेतला असता तर ए.एम.५ सॉकेट, आणि त्याबरोबर डी.डी.आर.५ जातीचीच रॅम घ्यावी लागली असती. जुना प्रोसेसर डी.डी.आर.४ व डी.डी.आर.५ या दोन्ही जाती जाणतो. परंतु बोर्ड एकाच जातीचा असतो, आणि एका जातीची कांडी दुसरीच्या फटींत बसतच नाहीं. मुलांनीं डी.डी.आर.४ चा बोर्ड निवडला, म्हणून जुनी कांडी कामास आली. तिच्या जोडीला तशीच दुसरी घेतली. रॅमच्या दोन कांड्या जोडीनें लावल्या म्हणजे प्रोसेसराला स्मृतीचे दोन रस्ते मिळतात. एकीच्या बळावर दुकानदारानें अर्धा रस्ता बंदच ठेवला होता.

रॅमच्या बाबतींत आमच्या बंधूंच्या ‘बघूं सावकाश’ या वृत्तीची परीक्षा झाली. त्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी इतकी वाढली कीं जगभर रॅमचे भाव चढूं लागले. डिसेंबर २०२५ मध्यें मायक्रॉन या मोठ्या कंपनीनें घरगुती ग्राहकांसाठीं चालविलेला आपला ‘क्रुशिअल’ हा व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. भाऊबीजेस विचारलेला भाव कार्तिकी पौर्णिमेस राहिला नाहीं. तुरीचा भाव पडण्याची वाट पाहणारा गृहस्थ शहाणा ठरतो. रॅमच्या बाबतींत आमचे बंधु ठरले नाहींत.

सांठवणीसाठीं जुनी एस.एस.डी. राखली. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशें-दोनशें मेगाबाइट वाचते, साटा जातीची एस.एस.डी. साडेपांचशेंपर्यंत, आणि एन.व्ही.एम.ई. जातीची तीन हजारांच्या वर. घरची एस.एस.डी. या शेवटच्या जातीची निघाली. दिव्यांच्या झगमगाटांत त्या दुकानदाराच्या हातून एवढें तरी बरें झालें होतें. विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें विंडोज ११ घेणें भाग होतें. आणि बोर्ड बदलला म्हणजे जुना परवाना चालेलच असें नाहीं, म्हणून तो खर्चहि मुलांनीं आधींच धरला.

जेथें पहिल्या खेपेस काटकसर झाली होती, त्या पेटीवर या खेपेस मुलांनीं सढळ हातानें खर्च केला. हिशेब असा: प्रोसेसर ११७, कार्ड १४५, बाकी साठ, एकूण ३२२ वॅट. त्यावर ५५० वॅटची, नांवाजलेल्या कंपनीची पेटी घेतली. तिच्या बारीक अक्षरांत १२ व्होल्टांवर ४५ अँपिअरांच्या वर आंकडा आहे. गुणाकार वाचकांनीं करून पाहावा. पेटी शेंकडा ८५ कार्यक्षम धरली तर ३२२ वॅट देण्यासाठीं ती भिंतींतून सुमारें ३७९ घेते, उरलेल्या ५७ ची उष्णता होते. पडद्याचे पंचवीस मिळविले कीं चारशेंच्या वर. बाजारांत सर्रास मिळणारा ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस. ३६० वॅटच पेलतो. ‘सहाशें’ हा शब्द ऐकून बंधु तोच आणावयास निघाले होते. नातवानें आजोबांना दारांतून परत बोलावलें. आतां १००० व्ही.ए.चा आहे. वीज गेल्यावर खेळत राहण्यासाठीं तो नव्हे. यंत्र नीट बंद करण्यापुरता अवकाश त्यानें मिळाला म्हणजे पुष्कळ झालें.

उष्णतेविषयीं वऱ्हाडांतल्या माणसास काय सांगावें! तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. यंत्राचा पंखा भागांना खोलीच्या हवेपेक्षां गार करूं शकत नाहीं. खोली २५ अंशांवर असतां प्रोसेसर ७० वर राहत असेल, तर खोली ४२ वर गेल्यावर तोच ८७ च्या घरांत जातो. शंभराजवळ आला कीं तो स्वतःला वांचविण्यासाठीं चाल मंद करतो, आणि खेळणारा म्हणतो यंत्र बिघडलें. म्हणून कॅबिनेट कांचेच्या तोंडाचें न घेतां पुढें जाळीचें, जाळीमागें काढून धुतां येणारी गाळणी असलेलें घेतलें. पुढून हवा घेणारे दोन पंखे, मागून टाकणारा एक. दर महिन्याला यंत्र बंद करून रंगाच्या कोरड्या ब्रशानें तूस झाडावयाचें, आणि झाडतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरावयाचीं. भावजय हें ऐकत होत्या. “कूलर प्रोसेसरसोबतच मिळतो,” असें नातीनें म्हणतांच त्यांना वाटलें, वाळ्याच्या जाळीचा मोठा कूलर फुकट येणार! खुलासा झाल्यावर घरभर हंशा पिकला. पण त्यांतून एक कामाचा नियम निघाला: घरच्या पाण्याच्या कूलरचा झोत यंत्रावर कधीं येऊं देऊं नये, कारण त्यांतील ओल आणि क्षार दोन्ही यंत्रास बाधतात.

कांहीं भाग अकोल्यास मिळाले, कांहीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागविले. जोडणी एका रविवारीं झाली. पहिला मान वायरमनाचा: सॉकेटास अर्थिंग जोडून, दिवा लावून पारखून घेतलें. मग मुलगा बसला, नात शेजारीं. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून आधीं उघड्या लोखंडास हात लावणें, प्रोसेसरच्या कोंपऱ्यावरची खूण बोर्डावरच्या खुणेशीं जुळविणें, जोर न लावणें, वाटाण्याएवढा थर्मल पेस्ट घालणें, अशीं सर्व कामें त्यानें पूजेच्या क्रमानें केलीं. कळ दाबली. पंखे फिरले. पडदा काळाच.

घरांत जी शांतता पसरली ती आम्हांस मे महिन्याची आठवण देऊन गेली. बंधूंच्या तोंडून “पुन्हां...” एवढा शब्द निघाला. आम्हीं त्यांच्या हातावर हात ठेवला. एकदां घाईनें निवाडा करून झाला होता. मुलगा डब्यामागें वांकून पाहत राहिला, मग म्हणाला, “मोठे आबा, आपल्या प्रोसेसरच्या नांवांत शेवटीं ‘एफ’ आहे. त्याला स्वतःला चित्र काढतां येत नाहीं. तार बोर्डाला लावली आहे. ती कार्डाला हवी.” त्यानें तार बदलली. पडदा उजळला. सर्वांत आधीं त्याची आई हंसली, आणि लगेच देवघराकडे गेली. नातीनें त्यानंतर यंत्राच्या मूळ सेटिंगांत जाऊन रॅमचा एक्स.एम.पी. हा पर्याय चालू केला. तो केल्याशिवाय ३२०० वेगाची रॅमहि हळूच चालते, आणि पुष्कळ घरीं ती वर्षानुवर्षें तशीच चालत असते.

आतां खेळांविषयीं. आमच्या कांहीं वाचकांस वाटेल, मास्तर वृद्धापकाळीं मुलांच्या नादीं लागले. खेळाला कमी लेखणें अमरावतीकरास शोभत नाहीं. १९१४ सालीं स्थापन झालेलें आमचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकास गेलें आणि तेथें देशी खेळ दाखवून आलें. पडद्यावरच्या खेळांतहि भेद आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायद्यानें बंदी केली. ई-स्पोर्ट्स म्हणून चालणाऱ्या स्पर्धांना त्याच कायद्यानें निराळें स्थान दिलें. घरांतल्या वडिलांनीं एवढा विवेक तरी करावा. बंधूंच्या घरीं नियम ठरले ते मुलाला विचारून ठरले: यंत्र माडीवर नाहीं, तर दिवाणखान्याशेजारच्या खोलींत, दार उघडें, जितका वेळ पडद्यापुढें तितकाच मैदानावर, आणि मे महिन्यांत दुपारीं बारा ते पांच यंत्रास विश्रांति. शेवटचा नियम मुलानेंच सुचविला. हिशेब करून निवडलेल्या वस्तूची काळजी हिशेबानेंच घेतली जाते, हें त्यावरून आम्हीं जाणलें.

जुनी जळकी पेटी टाकून देण्यास बंधु निघाले होते. ती आम्हीं मागून घेतली. अमरावतीस आमच्या मेजावर ती आतां कागद दाबण्याच्या कामीं येते. वजनास ती फारच हलकी आहे. चांगल्या पेटीची ही एक सोपी पारख, कीं ती हाताला जड लागते. फोन वाजला आणि कोणी म्हणालें, “दादा, तुम्हीच सांगा,” कीं आमचा हात आतां आधीं त्या पेटीकडे जातो, आणि आम्ही म्हणतों, “मुलाला फोन द्या.”